घर ओळखा

"घरातलं सारं ऐकते ते," असं आमची वहिनी फोनमधल्या एआयबद्दल म्हणायची आणि देवघरात जाताना फोन बाहेरच्या टेबलावर पालथा घालून जायची. आम्ही सगळे तिला हसायचो. मीही हसले आहे. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत जे झालं, त्यानंतर मला त्या वाक्याचं हसू येत नाही, राग येतो. यंत्राचा नाही. कान असून बसून राहिलेल्या आम्हा माणसांचा.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे संसारातलं मला काही कळत नाही असं आमच्याकडे समजतात. शिवाय मी तोंडाची फटकळ, म्हणून तसं समजणं त्यांना सोयीचंही जातं. भाऊ माझ्याहून मोठा, अकोल्यात सरकारी कचेरीत आहे. त्याची मुलगी पुण्याला शिकते. धाकटी बहीण दर्यापूरला दिलेली. तिचं स्थळ भावानंच शोधलं होतं, आणि जन्मात आपण एवढं एकच काम फत्ते केलं असावं अशा थाटात तो त्याबद्दल बोलायचा. "जवाई म्हणजे हिरा हाये, हिरा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायचं. हिरा गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा आणि कधीही रिकाम्या हातानं यायचा नाही.

त्या दसऱ्याला बहीण सात वर्षांच्या लेकीला घेऊन अकोल्याला आली, ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. ऑक्टोबरातली अकोल्याची दुपार ज्यानं काढली आहे, त्याला यात काय ते समजेल. मी पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं. "काई नाई वो ताई, न्हाणीत पाय घसरला," ती म्हणाली. पाय घसरला तर दोन्ही दंडांना कसं लागतं, असंही मी विचारलं. त्यावर ती धुतलेले कपडे बादलीत घेऊन गच्चीवर निघून गेली.

वहिनीजवळ मात्र, पोळ्या लाटता लाटता, ती एवढं बोलून गेली होती: "मले वापस नाही जायचं." वहिनीनं ते भावाच्या कानावर घातलं. भावानं दर्यापूरला फोन लावला, आणि दोघा पुरुषांनी मिळून ठरवलं की कोजागिरीला जावई येतील आणि तिला घेऊन जातील. जिचं ठरवलं ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती.

मी भावाशी भांडले. तो म्हणाला, "दोघाइचं असते काही ना काही. तू मधात पडू नको." त्याच्या मुलीसाठी स्थळं पाहणं सुरू होतं. अशात सासर सोडून आलेली बहीण घरात बसली तर लोक काय म्हणतील, हे तो बोलला नाही, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं.

त्या दिवसांत घरात भुलाबाई बसलेली होती. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई मांडतात, म्हणजे शंकर-पार्वतीच्या रंगवलेल्या मातीच्या मूर्ती. संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघर जमतात आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. सासरच्या माणसांना टोमणे मारणारी, माहेराचे लाड करणारी गाणी. गाणी झाली की खाऊ. पण तो असा सहज मिळत नाही. डबा झाकलेला असतो, घरची बाई तो हलवून आवाज ऐकवते आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही तर त्या घराचा रुबाब वाढतो.

पोरी आता फोनात डोकं घालून बसतात, गाणी म्हणत नाहीत, असं वहिनीचं दरवर्षीचं रडगाणं. पुण्याहून आलेली भाची म्हणाली, "मग फोनलाच भुलाबाईत बसवू ना." आणि बसवलं. पोरीला डोकं आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे. एका संध्याकाळी तिनं एआयला खाऊ ओळखायला लावला. वहिनीनं नाक मुरडत डबा फोनजवळ हलवला. आत भाजलेले शेंगदाणे होते. फोन मोठ्या ऐटीत म्हणाला, "मला वाटतं, आत चकली आहे." मुली लोळून हसल्या. मग मुरमुरे हलवले, पेरूच्या फोडी हलवल्या, रिकामा डबासुद्धा हलवला. दर वेळी चकलीच. त्या दिवसापासून गल्लीत त्या एआयला चकलीबाई म्हणायला लागले.

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तिच्याकडून गोष्ट रचून घेतली. भुलोजी, म्हणजे भुलाबाईचा नवरा शंकर, रुसून एसटीत बसतात आणि कंडक्टर त्यांच्या गळ्यातल्या सापाचं अर्धं तिकीट मागतो. एकेका मुलीनं एकेक वाक्य सांगायचं आणि यंत्रानं गोष्ट पुढं न्यायची. मग चित्रं काढून घेतली. भुलाबाई स्कूटी चालवते आहे, भुलोजी मागे जीव मुठीत धरून बसले आहेत. त्या चित्राला वहिनीसुद्धा हसली. माझी बहीणही हसली. हसताना तोंडावर न्यायला तिनं उजवा हात उचलला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी भाचीनं शेवटचा खेळ काढला. त्याचं नाव 'घर ओळखा'. एकेका मुलीनं आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि फोनला आपल्या घरातल्या गंमती सांगायच्या. नावं सांगायची नाहीत. एआय त्याचं भुलाबाईच्या चालीवर गाणं करणार आणि गाऊनही दाखवणार. घर कोणाचं ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखता आलं नाही, तर खाऊचा पहिला मान त्या मुलीचा. खेळ गल्लीला इतका आवडला की मुलींच्या आयाही येऊन बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बसल्या. भाऊ कचेरीतून आला होता. तोही चहाचा कप घेऊन दारात खुर्ची टाकून बसला.

पहिल्या गाण्यात शुगर असलेली आजी होती, जी पदराआड जिलेबी खाते. ते सगळ्यांनी एका दमात ओळखलं आणि आजीच्या सुनेनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या गाण्यातले बाबा दाराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि कुलूप ओढून पाहायला परत येतात. ते भाचीनं स्वतःच घातलं होतं. "मंग? कुलूप पाहाच लागते," भाऊ म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले.

मग बहिणीच्या लेकीची पाळी आली. लेकरू बराच वेळ आत होतं. बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून, हसू आवरत, आणि आईच्या मांडीला टेकून बसली. भाचीनं बटण दाबलं. ढोलकी वाजली आणि एका गोड गळ्याच्या बाईचा आवाज आला:

माझ्या घरी टीव्ही बाई मोठ्यानं वाजतो,
खोलीचा दरवाजा आतून लागतो.
पाणी प्यायला उठले तर दार थोडं हले,
आई माझी भिंतीकडे तोंड फिरवून वळे.

आईचे कुर्ते बाई लांब लांब बाह्यांचे,
उन्हाळ्यात सुद्धा तिचे हात झाकायचे.
विचारते मी आई, तुला काय गं लागलं?
म्हणते आई, पाऊल माझं न्हाणीत घसरलं.

दुसऱ्या दिवशी बाबा येती हसत हसत घरी,
हातामध्ये आइस्क्रीम, त्यावर लाल चेरी.
सांगा सांगा सयांनो, हे घर कोणाचं?
ओळखेल जी बरोबर, तिला ताट खाऊचं!

पहिल्या कडव्याला मुली टिपऱ्या वाजवत होत्या. दुसऱ्या कडव्यात एकेकीचा हात थांबत गेला. शेवटचं कडवं नुसत्या ढोलकीवर झालं, आणि ती ढोलकी फार आनंदात वाजत होती.

खेळाप्रमाणं आता ओळखायचं होतं. मी बहिणीकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही. तेवढ्यात समोरच्या घरातली मुलगी, शाळेत जाणारी मोठी पोर, एकदम म्हणाली, "हे त आमचं घर हाये! पण मी अजून सांगतलंच नाही." तिच्या आईनं तिचा हात धरून तिला उठवलं. "कायबी बोलते पोट्टी," असं म्हणत ती तिला घेऊन बाहेर पडली, आणि चपला आमच्या दारातच राहिल्या. मागे बसलेल्या आणखी एकीनं ओढणी खांद्यावरून पुढं घेतली आणि ती जमिनीकडे पाहत राहिली.

मग लेकरू उठून उभं राहिलं. "कोनालेच नाही आलं!" ती ओरडली. "माझं हाये ते घर. मी जिंकली!" आणि खाऊसाठी दोन्ही हात पसरून वहिनीपुढं गेली. वहिनीला डब्याचं झाकण उघडेना. शेवटी भाचीनं डबा घेतला आणि उघडून तिच्या ओंजळीत खाऊ घातला. बायका एकेक करून घरी गेल्या. बहीण उठून आत गेली होती. भाऊ दारातल्या खुर्चीत तसाच बसला होता, कप हातात धरून.

सकाळी तो पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"दादा, आता तरी तिले ठेवून घे."

"एका खेळावरून?" तो पेपराआडून म्हणाला. "डब्यात शेंगदाणे असले त चकली सांगते ते यंत्र. त्याचं काय धरून बसतं तू? बनवलं असन मनानं."

मी तोंड उघडणार तोच भाची फोन घेऊन आली. लेकरू खोलीत जे बोललं होतं ते त्यात जसंच्या तसं लिहून आलेलं होतं. "बाबा, मनानं नाही बनवलं," ती म्हणाली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली.

बाबा मले कार्टून लावून देतात आन म्हनतात आवाज मोठा कर. मी करते. मग ते खोलीत जातात. हे लेकरानं सांगितलं होतं. आईच्या बाह्यांचं सांगितलं होतं, आइस्क्रीमचं सांगितलं होतं. त्यावर एआयनं लगेच गाणं केलं नव्हतं. आधी विचारलं होतं, तुला आणि आईला घरात भीती वाटते का? तुझ्या विश्वासाच्या एखाद्या मोठ्या माणसाला हे सांगशील का? मी स्वतः बहिणीला विचारलं होतं, भावाशी भांडले होते. लेकराला कोणीच विचारलं नव्हतं.

त्याखाली लेकराचं उत्तर होतं. भाचीनं ते वाचलं आणि फोन खाली घेतला: "मोठ्या मानसाइले माहीत हाये. तू गानं बनव."

भावानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, दर्यापूरला फोन लावेल आणि दोन शब्द सुनावेल. तो मुलीला म्हणाला, "ते डिलीट करून टाक." आणि आंघोळीला गेला.

मी आत गेले तर बहीण बॅग भरत होती. लेकीचे फ्रॉक घडी घालून, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. माझं डोकं फिरलं. मी तिच्यावरही ओरडले. कशाला भरतं बॅग? कोणासाठी? ती म्हणाली, "दादानं सांगतलं ना, गाडी दुपारची हाये." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जावई दुपारी आले. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हसरा चेहरा. भावाच्या पाया पडले, वहिनीच्या पडले, माझ्याही पडायला वाकले, तर मी मागं सरले. मग त्यांनी पिशवीतून मोठा डबा काढून टेबलावर ठेवला. आइस्क्रीम. घरातल्या सगळ्यांसाठी, चेरी घातलेलं.

मी हे आयुष्यभर विसरणार नाही. आम्ही सगळेच त्या डब्याकडे पाहत राहिलो. वहिनी उठली, वाट्या घेऊन आली आणि वाढायला लागली. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं, दुसरं काय. भावानं वाटी घेतली. माझ्यापुढं आली ती मी सरकवली. भाची वाटी न घेता खिडकीशी उभी राहिली. जावई सोयाबीनचे भाव, रस्त्यावरचे खड्डे, असलं काहीबाही बोलत होते. बॅग दाराशी ठेवलेली होती आणि बहीण तिच्याजवळ, निघायच्या तयारीनं.

लेकरानं वाटी हातात घेतली, चमचा घातला आणि थांबलं. तिनं बापाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई," तिनं विचारलं, "आज त काहीच नाही झालं. मग आइस्क्रीम काहून आनलं?"

जावई हसले. "लेकरू कायबी विचारते," ते म्हणाले आणि भावाकडे पाहिलं, म्हणजे त्यानंही हसावं म्हणून. वहिनीच्या हातातला मोठा चमचा डब्यातच राहिला.

बहिणीनं इतक्या वर्षांत कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला नाही, वहिनीला अर्धं वाक्य. त्या दिवशी ती लेकीसमोर खाली बसली आणि तिला उत्तर दिलं, शाळेतला प्रश्न समजावून सांगावा तसं.

"अजून झालं नाही, माय. घरी गेल्यावर होईन."

मग ती उठली, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

जावयाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागं काही नव्हतं. ते भावाकडे पाहत होते. 'बॅग आण बाहेर,' असं म्हणायची ती वेळ होती आणि दोघांनाही ते माहीत होतं. भाऊ वाटीत पाहत राहिला. त्यानं ते म्हटलं नाही. एवढंच. बहिणीच्या बाजूनंही तो एक शब्द बोलला नाही, त्यामुळे त्याला मी आजही शाबासकी देत नाही. शेवटी जावई "बरं, दिवाळीच्या आधी येतो मी," असं म्हणून उठले. जाताना पुन्हा सगळ्यांच्या पाया पडले.

संध्याकाळी भुलाबाईचा शेवटचा दिवस होता. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला, झेंडू लावला, दूध आटवलं. गल्लीतल्या मुली आल्या, थोड्या आल्या. समोरची आली नाही. तिच्या आईच्या चपला आमच्या दारात होत्या त्या वहिनीनं नेऊन दिल्या. समोरचा टीव्ही आमच्या घरात ऐकू येत होता. कोणता कार्यक्रम आहे तेही कळत होतं. खाऊ ओळखायला त्या दिवशी फोन कोणी काढला नाही.

बहीण आणि लेक आता माझ्याकडे अमरावतीला असतात. बहीण ब्लाउज शिवते. लेकीला माझ्याच शाळेत घातलं आहे. समजूत घालणारी माणसं येत असतात, लग्नाच्या बैठकीतली, नात्यातली, चहा पितात आणि लेकरासाठी तरी विचार करा म्हणतात. लेकरू त्यांच्या पाया पडतं. दर्यापूरहून फोन येतात, आधी गोड, मग तसे नाही. भाऊ महिन्यातून एकदा येतो, येताना संत्री आणतो, आणि बसल्या जागी पायाच्या नखांकडे पाहत राहतो. भाचीनं ते गाणं डिलीट केलेलं नाही. तिनं ते मला पाठवून ठेवलं आहे. मी ते पुन्हा ऐकलं नाही.

बहीण अजूनही पूर्ण बाह्यांचेच कुर्ते घालते. आता झाकायला काही नाही, तरी. मी म्हटलं, सोड ना आता, उकडत नाही का? ती म्हणाली, "सवय झाली वो ताई."

सुट्टीच्या दिवशी लेक माझ्या फोनवर एआयला कोडी घालते, त्याला हरवते, खूप हसते. हसते, हे आधी सांगायला हवं होतं. मग कधी आइस्क्रीम मागते आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो. ती वाटी घेऊन आईजवळ जाऊन बसते, आणि पहिला चमचा तोंडात घालायच्या आधी आईची बाही वर सारून पाहते.